पाठ्यक्रम-पुनर्रचना, विद्यापीठीय

विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांनी आपल्या विषयाची उद्दिष्टे, त्यांची परीक्षा आणि वर्गातील अध्यापन या तिन्हींची परस्परांशी नव्याने जुळणी करावी, यासाठी त्यांना पद्धतशीर साहाय्य करणे हा उच्च शिक्षणातील एक स्वतंत्र कार्यभाग बनला आहे. नियोजनाची ही प्रक्रिया व तिला लागणारे साहाय्य या दोहोंस मिळून पाठ्यक्रम-पुनर्रचना ही संज्ञा येथे वापरली आहे. अभ्यासक्रम ही संज्ञा संपूर्ण पदवीच्या आराखड्यास आणि पाठ्यक्रम ही त्यातील एकेका विषयपत्रिकेस लावलेली आहे. विषयपत्रिकेतील प्रकरणे बदलणे, जुनी वगळणे किंवा नवी घालणे म्हणजे पुनर्रचना नव्हे. भारतीय विद्यापीठांत दर काही वर्षांनी होणारे बदल बहुधा याच प्रकारचे असतात आणि त्यांमुळे विद्यार्थ्याच्या शिकण्यात फरक पडतोच असे नाही. प्रकरणांची यादी कोणतीही असली, तरी वर्षअखेरीस तिच्यावर ‘टीपा लिहा’ असाच प्रश्न येणार असेल, तर विद्यार्थी टीपाच पाठ करतो.

पूर्वेतिहास : या विचाराचा उगम सामान्यतः अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांच्या कार्यात शोधला जातो. १९२९ पासून ओहायओ राज्य विद्यापीठात काम करीत असताना जीवशास्त्राच्या अध्यापकांना परीक्षा सुधारण्यास मदत करण्याचे काम त्यांच्याकडे आले. विद्यार्थ्याला या विषयात नेमके काय करता यावे असे तुम्हाला वाटते, हा प्रश्न त्यांनी अध्यापकांना प्रथम विचारला. प्राण्यांच्या अवयवांची नावे सांगता यावीत, एवढेच उत्तर कोणी देईना. अपरिचित प्रयोगाचे निष्कर्ष लावता यावेत, तत्त्वांचे उपयोजन करता यावे, अशी उत्तरे आली. परीक्षेत मात्र नावेच विचारली जात होती. टायलर यांनी वर्ष-सव्वा वर्षानंतर त्याच विद्यार्थ्यांची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पाठ केलेली नावे व संज्ञा बव्हंशी विस्मरणात गेल्याचे, परंतु निष्कर्ष लावण्याची व तत्त्वे वापरण्याची क्षमता टिकून राहिल्याचे आढळले. परीक्षा ज्याची घेतली जात होती तेच सर्वांत लवकर विसरले जात होते. या अनुभवातून त्यांनी मांडलेले विवेचन १९४९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांचे शिष्य बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी हे मुख्यतः विद्यापीठांचे परीक्षक होते. शैक्षणिक उद्दिष्टांचे त्यांनी केलेले आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेले वर्गीकरण आज शालेय अध्यापक-प्रशिक्षणात घोकून घेतले जात असले, तरी ते मुळात महाविद्यालयीन प्रश्नपत्रिकांच्या गरजेतून निर्माण झाले होते. पुढे १९९६ मध्ये जॉन बिग्ज यांनी उद्दिष्टे, अध्यापन व मूल्यमापन यांच्या सुसंगतीचा विचार अधिक काटेकोरपणे मांडला. अपेक्षित फल आधी ठरवावे, त्याचा पुरावा कोणता मानावयाचा हे मग ठरवावे आणि अध्यापनाची योजना शेवटी करावी, या उलट क्रमाच्या नियोजनास १९९० नंतरच्या दशकात व्यापक मान्यता मिळाली.

भारतीय विद्यापीठांची रचना : हा विचार भारतात येण्याच्या मार्गातील मुख्य अडचण शैक्षणिक नसून संस्थात्मक आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. महाविद्यालयांनी शिकवावयाचे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाची, ही त्यामागील योजना होती. विद्यापीठाने स्वतः अध्यापन करण्यास प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरुवात झाली. त्यामुळे पाठ्यक्रम ठरविणारे अभ्यासमंडळ, शिकविणारा अध्यापक आणि प्रश्नपत्रिका काढणारा परीक्षक या तीन भिन्न व्यक्ती किंवा संस्था राहिल्या. टायलर यांनी ओहायओत ज्या अध्यापकांशी चर्चा केली, ते स्वतःच्या विद्यार्थ्यांची परीक्षा स्वतः घेत होते. त्यांनी प्रश्न बदलावयाचे ठरविले की प्रश्न बदलत. संलग्न महाविद्यालयातील अध्यापकाच्या हाती तेवढे नसते. उद्दिष्टे, परीक्षा व अध्यापन यांपैकी तिसरी बाजूच काय ती त्याच्याकडे असते, आणि तीही उरलेल्या दोन बाजूंनी बांधलेली.

ही अडचण आयोगांच्या लक्षात आली नव्हती असे नाही. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली, तर ती परीक्षेची असेल, असा स्पष्ट अभिप्राय दिला. ब्लूम हे १९५७-५८ च्या सुमारास भारतात आले व त्यांच्या मार्गदर्शनाखाली मूल्यमापनावर कार्यशाळा झाल्या. तथापि त्यांचा प्रभाव प्रामुख्याने माध्यमिक शिक्षणापुरता राहिला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) अंतर्गत मूल्यमापन व अध्यापकांचे सेवांतर्गत प्रशिक्षण यांवर भर दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७० पासून महाविद्यालयांतील विज्ञान-शिक्षण सुधारण्याची एक योजना हाती घेतली आणि नंतर तशीच योजना मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांसाठीही आखली. परीक्षा-सुधारणेचा कृति-आराखडा आयोगाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सत्रपद्धती, प्रश्नपेढ्या, श्रेणी व अंतर्गत मूल्यमापन या चारही गोष्टी होत्या. यांपैकी प्रश्नपेढ्यांचे पुढे अनेक ठिकाणी प्रश्नोत्तरसंचांत रूपांतर झाले, हे खेदाने नमूद करावे लागते.

अभियांत्रिकीच्या क्षेत्रात परिस्थिती किंचित निराळी होती. तंत्रनिकेतनांतील अध्यापकांसाठी १९६० नंतरच्या दशकात भोपाळ, कलकत्ता, चंडीगढ व मद्रास येथे तांत्रिक अध्यापक-प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. महाराष्ट्र हा भोपाळ येथील संस्थेच्या कक्षेत येतो. या संस्थांनी (२००३ पासून यांच्या नावात राष्ट्रीय संस्था असा बदल झाला) पाठ्यक्रमविकसन हा आपल्या कामाचा भाग मानला. याउलट कला, विज्ञान व वाणिज्य शाखांत पदव्युत्तर पदवी हीच अध्यापनाची पुरेशी पात्रता समजली गेली. प्राथमिक शिक्षकास पदविका व माध्यमिक शिक्षकास बी.एड्. आवश्यक ठरले, पण महाविद्यालयीन अध्यापकास अध्यापनाचे कोणतेही पूर्वशिक्षण लागले नाही.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून विद्यापीठांमध्ये ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेज स्थापन करण्याची योजना राबविली. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद इ. विद्यापीठांत अशी केंद्रे निघाली. नव्या अध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि नंतर विषयवार तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. २०१५ मध्ये या केंद्रांस मनुष्यबळ विकास केंद्रे असे नाव मिळाले व २०२३ मध्ये मदनमोहन मालवीय यांच्या नावाच्या अध्यापक-प्रशिक्षण योजनेत त्यांचा समावेश झाला. या वर्गांनी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतील अध्यापकांना एकत्र आणले आणि विषयातील नव्या संशोधनाचा परिचय करून दिला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र वर्गास हजर राहणे पदोन्नतीशी जोडले गेल्याने प्रमाणपत्राला महत्त्व आले. शिवाय उत्तम अध्यापन कसे करावे हेही बहुतांशी व्याख्यानांतूनच सांगितले जाई. अध्यापक स्वतःची विषयपत्रिका बरोबर घेऊन आला आहे, तिच्यावर तीन आठवडे काम करतो आहे आणि परतल्यावर पुढील सत्रात कोणीतरी त्याच्या वर्गात येऊन बसणार आहे, अशी रचना या योजनेत अभिप्रेत नव्हती.

महाराष्ट्रातील दोन वेगळे प्रयत्न : नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. मुक्त विद्यापीठात अध्यापक समोर नसतो. म्हणून पुस्तकानेच शिकवावे लागते. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाने (स्थापना १९६९) यासाठी विषयतज्ज्ञ, संपादक व अध्ययनतज्ज्ञ यांच्या गटाने पाठ्यक्रम तयार करण्याची प्रथा पाडली होती. नाशिकच्या पुस्तकांतही प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मधेमधे स्वतःची चाचणी घेण्यासाठी प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे अशी मांडणी आढळते. पारंपरिक महाविद्यालयांत नामवंत ठरलेल्या अनेक प्राध्यापकांना ही शिस्त प्रथमच पाळावी लागली; ‘या घटकानंतर विद्यार्थी काय करू शकेल’ हे वाक्य पूर्ण केल्याशिवाय पुढचे पान लिहिता येत नसे. मराठीत पाठ्यक्रमरचनेची परिभाषा रुळण्यासही या विद्यापीठाचा हातभार लागला.

दुसरा प्रयत्न पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा. तेथील संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने २००९ नंतर देशभरातील अभियांत्रिकी अध्यापकांसाठी दूरस्थ केंद्रांमार्फत एकाच वेळी हजारोंच्या संख्येने कार्यशाळा घेण्यात आल्या. त्याच सुमारास, २०१० मध्ये, शैक्षणिक तंत्रविद्येतील संशोधनाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम तेथे सुरू झाला. या गटाने संगणक-आज्ञावलीच्या प्रथम वर्षाच्या सु. ४५० विद्यार्थ्यांच्या वर्गात केलेले निरीक्षण १९१३ च्या नव्हे, २०१३ च्या भारतीय परिस्थितीतील असल्याने विशेष मोलाचे आहे. कारण मोठ्या वर्गात व्याख्यानाखेरीज दुसरे काही करता येत नाही, हा आपल्याकडील समज फार जुना आहे. अध्यापकाने प्रश्न द्यावयाचा, प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून उत्तर लिहावयाचे, मग शेजाऱ्याशी चर्चा करावयाची आणि शेवटी सर्व वर्गाने मिळून बोलावयाचे, अशी ही पद्धत आहे. ती चालू असताना सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले.

पुनर्रचनेची प्रक्रिया : ही प्रक्रिया प्रत्यक्षात कशी घडते, हे एका ओळखीच्या विषयपत्रिकेच्या आधारे पाहणे सोयीचे होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील निर्देशानुसार पर्यावरण-अभ्यास हा विषय सर्व शाखांच्या पदवी वर्गांना अनिवार्य झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३-०४ च्या सुमारास त्याचा आदर्श पाठ्यक्रम दिला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील पर्यावरणशिक्षण संस्थेचे एराच भरुचा यांनी लिहिले. या पाठ्यक्रमात आठ घटक व ५० तासिका होत्या. प्रदूषणाच्या घटकास आठ तासिका आणि क्षेत्रकार्यास पाच तासिकांइतका वेळ होता. १०० पैकी २५ गुणही क्षेत्रकार्याला राखून ठेवलेले होते. कागदावर हा पाठ्यक्रम चांगला होता. तरीही क्षेत्रकार्य म्हणून आदल्या वर्षीच्या अहवालाची नक्कल सादर होणे ही गोष्ट राज्यभर परिचयाची झाली. आठ तासिकांत हवा, पाणी, माती, सागर, ध्वनी, उष्णता व किरणोत्सर्ग या सर्वांचे प्रदूषण, घनकचरा आणि आपत्ति-व्यवस्थापनही उरकावयाचे असल्याने प्रत्येकाची व्याख्या, कारणे, परिणाम व उपाय एवढेच सांगून होई.

रायगड जिल्ह्यातील पनवेल येथील महाविद्यालयात हाच घटक शिकविणाऱ्या अध्यापकाची कल्पना करावी. शहरातून गाढी नदी वाहते. उत्तरेकडील तळोजे औद्योगिक क्षेत्रातून कासाडी नदी जाते व तिच्या प्रदूषणाचा प्रश्न न्यायाधिकरणापर्यंत गेलेला आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजे परिसरातील भटकी कुत्री निळी झाल्याची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. रंगद्रव्य पर्यावरणात सोडले गेल्याचा तो परिणाम होता. वर्गातील अनेक विद्यार्थी याच नद्यांकाठच्या गावांतून येतात आणि काहींच्या घरी पूर्वी खाडीतील मासेमारी होती. म्हणजे विषय दाराशी आहे. परंतु परीक्षेत ‘जलप्रदूषणाची कारणे सांगा’ असा प्रश्न असल्याने नदीचा उल्लेखही न करता पूर्ण गुण मिळू शकतात.

पुनर्रचनेची पहिली पायरी म्हणजे उद्दिष्ट क्रियापदात मांडणे. ‘विद्यार्थ्यास जलप्रदूषणाची माहिती होईल’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते साध्य झाले की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. ‘पाण्याच्या तपासणीचे आकडे समोर ठेवले असता ते पाणी कोणत्या उपयोगास योग्य आहे हे विद्यार्थी ठरवील व आपल्या निर्णयाची कारणे देईल’ असे म्हटले, की पुढील सर्व गोष्टी स्पष्ट होऊ लागतात. दुसरी पायरी परीक्षेची. विद्यार्थ्याने पूर्वी न पाहिलेल्या एखाद्या नदीचे दोन ठिकाणचे व दोन ऋतूंतले आकडे द्यावयाचे आणि निर्णय मागावयाचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार मासे व वन्यजीव यांसाठी पाण्यात प्रतिलिटर किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन हवा. उघड्यावर स्नान करण्याजोग्या पाण्यात तो किमान ५ मिलिग्रॅम हवा आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. हे आकडे प्रश्नपत्रिकेवरच छापून द्यावेत. ते लक्षात आहेत का हे पाहावयाचे नसून ते वापरता येतात का हे पाहावयाचे आहे.

तिसऱ्या पायरीवर अध्यापन येते. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्यावर जिवाणू जगतात व ते करताना पाण्यातील ऑक्सिजन वापरतात. म्हणून मागणी वाढली की विरघळलेला ऑक्सिजन घटतो, हे एका तासिकेत सांगून होते. पण समजले की नाही हे कळत नाही. त्याऐवजी अध्यापकाने फळ्यावर नदीची रेषा काढून सांडपाणी मिसळण्याची जागा दाखवावी आणि सर्वांत कमी ऑक्सिजन कोठे असेल, मिसळण्याच्या जागीच की पुढे काही अंतरावर, असे विचारून हात वर करण्यास सांगावे. बहुतेक विद्यार्थी मिसळण्याच्या जागेकडे बोट दाखवितात. वास्तविक जिवाणूंची वाढ होण्यास व ऑक्सिजन संपण्यास वेळ लागतो आणि तोवर पाणी पुढे गेलेले असते. शेजाऱ्याशी वाद घालून, कारण शोधून उत्तर बदललेल्या विद्यार्थ्यास ही गोष्ट सहसा विसरता येत नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या तपासणीचे आकडे प्रसिद्ध करते. वर्गात त्यांचा उपयोग करता येतो आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

क्षेत्रकार्याच्या बाबतीत स्थानिक ज्ञान किती निर्णायक ठरते, हेही या उदाहरणातून दिसते. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. पहिल्या सत्रात भेट ठेवली, तर कोकणातील पावसाने फुगलेल्या नदीत सर्व काही विरळ झालेले असते व विद्यार्थी नदी स्वच्छ असल्याचा निष्कर्ष घेऊन परततात. म्हणून भेट दुसऱ्या सत्रात, शक्य तो जानेवारीनंतर ठेवावी लागते. खाडीलगतच्या जागी भरती-ओहोटीमुळे एकाच दिवशी आकडे बदलतात. विद्यार्थ्यांनी रासायनिक सांडपाण्यात हात घालता कामा नये, हे वेगळे सांगावयास नको. कोणताही केंद्रीय आदर्श पाठ्यक्रम हे सांगू शकत नाही. पाठ्यक्रमाची अंतिम रचना शिकविणाऱ्याच्याच हाती का असावी, याचे हेच कारण आहे.

या सर्वांत अध्यापकाला सर्वांत जड जाणारी गोष्ट निराळीच असते. पाण्याला सहा तासिका दिल्या, तर ध्वनी व किरणोत्सर्ग यांना वर्गात वेळ राहत नाही. ‘भाग पूर्ण करणे’ हे आपल्या महाविद्यालयांत कर्तव्यपूर्तीचे मुख्य लक्षण मानले जाते आणि प्रकरण वर्गात घेतले नाही अशी तक्रार प्राचार्यांपर्यंत जाऊ शकते. उरलेला भाग स्ववाचनाला देऊन त्यावर लहान चाचण्या ठेवणे हा एक मार्ग आहे. तरीही काय सोडावयाचे हा निर्णय पुनर्रचनेचा गाभा असून तो टाळून केलेली पुनर्रचना म्हणजे आधीच्या ओझ्यावर नवे ओझे ठरते.

साहाय्याचे स्वरूप : असा निर्णय एकट्या अध्यापकाला घेता येत नाही, म्हणून साहाय्याची आवश्यकता असते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६२ मध्येच अध्ययन-अध्यापनविषयक संशोधनाचे केंद्र स्थापन केले व पुढे अशी केंद्रे अनेक देशांतील विद्यापीठांत निघाली. केंद्रातील सल्लागार अध्यापकाशी बोलतो, त्याच्या संमतीने वर्गाचे निरीक्षण करतो, सत्राच्या मध्यावर विद्यार्थ्यांचे म्हणणे जाणून घेतो. प्रशासनाला यांपैकी काहीही कळविले जात नाही. ही गोपनीयता महत्त्वाची आहे. निरीक्षण हे वार्षिक गोपनीय अहवालाचे साधन झाले, की अध्यापक त्या दिवसापुरता पाठ बसवितो. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकीविज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो (२००६) व ब्रिटिश कोलंबिया (२००७) या विद्यापीठांत याहून पुढची कल्पना अंमलात आणली. सल्लागार मध्यवर्ती केंद्रात न बसविता त्यांनी विषयाची डॉक्टरेट असलेले तरुण तज्ज्ञ थेट त्या त्या विभागात नेमले. रसायनशास्त्राच्या अध्यापकाशी रसायनशास्त्र जाणणाराच बोलू शकतो, हे त्यामागील तत्त्व होय.

या पद्धतींच्या परिणामकारकतेविषयी आता पुष्कळ पुरावा उपलब्ध आहे. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांची तुलना करून, यामिकीतील मूलभूत संकल्पनांचे आकलन केवळ व्याख्यानांपेक्षा सहभागी अध्यापनाने बरेच अधिक होते, असे दाखविले. २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार व्याख्यानपद्धतीच्या वर्गांत अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३·८ टक्के, तर सहभागी पद्धतीच्या वर्गांत २१·८ टक्के होते. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य विद्यापीठांतील आहेत, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते. हार्व्हर्ड विद्यापीठातील २०१९ च्या एका प्रयोगाचा निष्कर्ष अध्यापकांना आधीच सांगून ठेवण्याजोगा आहे. सहभागी वर्गात विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले; ओघवते व्याख्यान ऐकताना सर्व समजल्याचा भास होतो, तर स्वतः विचार करताना अडखळावे लागते. नव्या पद्धतीच्या पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांची नाराजी दिसली, तर तेवढ्यावरून ती सोडून देऊ नये.

अडचणी : महाराष्ट्रात या कार्याला तीन गोष्टी मुख्यत्वे अडवितात. पहिली परीक्षेची. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून पदवी वर्गांना श्रेयांकाधिष्ठित सत्रपद्धती लागू केली, तेव्हा अंतर्गत मूल्यमापनाला ४० गुण होते. संलग्न महाविद्यालयातील अध्यापकाच्या हाती प्रथमच परीक्षेचा काही भाग आला. परंतु गुणांची खैरात होत असल्याची ओरड झाली व काही वर्षांतच अनेक शाखांत हे गुण कमी करण्यात आले किंवा काढून टाकण्यात आले. ओरड निराधार नव्हती. पण अंतर्गत परीक्षा कशी घ्यावी हे कोणी शिकविलेच नव्हते, याकडे दुर्लक्ष झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना सुरू झाल्यावर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

दुसरी अडचण कागदोपत्री अनुपालनाची. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (स्थापना १९९४) आणि अभियांत्रिकीच्या बाबतीत राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ यांनी अध्ययन-निष्पत्ती लिहून दाखविण्याची अट घातली. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रत्येक पाठ्यक्रमाच्या निष्पत्ती संपूर्ण पदवीच्या निष्पत्तींशी जोडणारे तक्ते अनिवार्य झाले. तक्ता करण्यात मुळात गैर काही नाही. टायलर यांचा प्रश्नच तो विचारतो. मात्र तपासणी समिती येण्यापूर्वी एकाच्या तक्त्यावरून दुसऱ्याने तक्ता भरला, की प्रश्नही संपतो आणि पुनर्रचनाही.

तिसरी आणि सर्वांत गंभीर अडचण मनुष्यबळाची आहे. राज्यातील महाविद्यालयांत कायम पदे दीर्घकाळ रिक्त राहिल्याने अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर आहे. त्यांना प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकेचे मानधन मिळते. पाठ्यक्रमाची पुनर्रचना करण्यास लागणारे तास, उत्तरे तपासून त्यांवर अभिप्राय लिहिण्याचे तास, सहकाऱ्याच्या वर्गात बसण्याचे तास यांचा त्या हिशेबात समावेश नसतो. शिवाय पुढील वर्षी हाच विषय आपल्याकडे असेल की नाही, याचीही शाश्वती नसते. वाणिज्य शाखेच्या तुकडीत १२० पर्यंत विद्यार्थी असतात. अशा परिस्थितीत अध्यापकाने जुन्या टीपा पुन्हा सांगणे हा आळस नसून व्यवहार असतो.

पनवेलसारख्या ठिकाणी या प्रश्नाला भाषेचीही एक बाजू आहे. पनवेल, उरण, खालापूर, कर्जत या तालुक्यांतून येणारे कित्येक विद्यार्थी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले, कुटुंबातील पहिलेच पदवीधर होऊ पाहणारे असतात; विज्ञान व वाणिज्य शाखांची पुस्तके मात्र प्रामुख्याने इंग्रजी असतात. विद्यार्थ्याला संकल्पना समजली नाही की इंग्रजी वाक्य समजले नाही, हे ‘टीपा लिहा’ या प्रश्नाच्या उत्तरावरून ओळखता येत नाही, कारण न समजताही टीप पाठ करता येते. नदीच्या आकड्यांसारख्या प्रश्नावर चर्चा मराठीत, लेखी उत्तर विद्यार्थी निवडील त्या भाषेत आणि पारिभाषिक संज्ञा दोन्ही भाषांत, अशी योजना केल्यास अडचण कोठे आहे हे अध्यापकाला त्याच तासिकेत कळते.

नवीन पनवेल येथील चांगू काना ठाकूर महाविद्यालय, तसेच पिल्लई समूहाची कला, वाणिज्य व विज्ञान आणि अभियांत्रिकी ही महाविद्यालये आता स्वायत्त आहेत. अशा महाविद्यालयांत अभ्यासमंडळ स्वतःचे असते व परीक्षाही महाविद्यालयच घेते. १८५७ पासून विभक्त राहिलेली तिन्ही कामे त्यामुळे एका छताखाली येतात. स्वायत्त महाविद्यालयाच्या अभ्यासमंडळावर विषयाचे अध्यापक बहुसंख्येने असतात आणि विद्यापीठाचा प्रतिनिधी, बाहेरचे तज्ज्ञ, उद्योगक्षेत्रातील व्यक्ती व माजी विद्यार्थी यांचाही समावेश असतो. विद्यापीठाच्या यादीतील प्रकरणे थोडीफार हलवून ती पुन्हा मंजूर करणे, किंवा एका विषयपत्रिकेपासून आरंभ करून तिची प्रश्नपत्रिका प्रथम लिहावयास घेणे, हे दोन्ही मार्ग या मंडळास मोकळे असतात.